एवढाच राहतो

"एवढाच राहतो, मॅडम," असं म्हणत दुकानदाराने पिल्लू तळहातावर ठेवून दाखवलं. राखाडी रंग, पोटाशी पांढरं, आणि सगळं मिळून त्याच्या पंजात मावणारं. लेकीने तिथल्या तिथे त्याचं नाव शेंगदाणा ठेवलं. घरी आल्यावर परात काट्यावर ठेवून त्यात त्याला बसवलं. वजन भरलं ४२० ग्रॅम. या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. आज शेंगदाण्याचं वजन तीन किलो दोनशे ग्रॅम आहे, आणि तो 'तो' नसून 'ती' आहे.

परवा खालच्या मजल्यावरचं जोडपं सहा वर्षांच्या मुलाला घेऊन वर आलं. त्यांनाही ससा घ्यायचाय. "पण लहान राहणारा हवा. पहिल्यांदाच पाळतोय ना. कुठली जात घ्यावी?" मी चहा टाकायला आत गेले आणि चहा उकळून वर येईपर्यंत काय सांगावं ते ठरेना. हाच प्रश्न मी पाच वर्षांपूर्वी अगदी याच शब्दांत विचारत फिरले होते.

तेव्हा आमचा हिशेब सरळ होता. लेकीला कुत्रा हवा होता, आम्ही दोघं दिवसभर बाहेर. मग कुत्र्याऐवजी ससा, आणि त्यातही लहानात लहान. लहान म्हणजे कमी जागा, कमी खाणं, कमी घाण, कमी काळजी, असं मी मनाशी धरून चालले होते. वीस वर्षं हिशेबाच्या कामात काढलेली बाई मी. पंधरा दिवस वाचन करून वहीत रकाने आखले. नेदरलँड ड्वार्फ: जगातल्या सगळ्यात छोट्या जातींपैकी एक, अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे वजन अडीच पौंडांच्या आत, म्हणजे साधारण एक किलो एकशे तीस ग्रॅम. हॉलंड लॉप: कान लोंबते, चार पौंडांच्या आत. मिनी रेक्स: अंगावर मखमल. लायनहेड: मूळ बेल्जियमचा, मानेभोवती आयाळ, विंचरायला लागते. बरोबरची खूण मी हॉलंड लॉपपुढे केली होती. कारण काय, तर फोटोतला चेहरा. दुसरं काहीही नाही.

त्या चेहऱ्यामागे काय काय आहे, हे मला नंतर कळत गेलं. टिलबुर्ग गावच्या एका डच पैदासकाराने १९४९ साली मोठा लोंबत्या कानांचा ससा आणि ड्वार्फ यांचा संकर करायला घेतला. पहिल्या वेतातली पिल्लं जगली नाहीत. नेदरलँड्समध्ये जातीला मान्यता मिळाली ती १९६४ साली. म्हणजे पंधरा वर्षं एक माणूस कानांचा कोन आणि डोक्याची गोलाई जुळवत बसला होता. माणसाच्या चिकाटीचं मला कौतुक वाटतं, पण कान लोंबले की कानाची नळी मुडपते, आत मळ साचतो, आणि अशा सशांना कानाचे विकार जास्त होतात. ते दुखणं फोटोत दिसत नाही. ससा दुखणं दाखवतच नाही. ज्याला सगळेच खायला टपलेले असतात, त्याला कण्हून चालत नाही.

ड्वार्फचं तर आणखी वेगळं. त्याचं बुटकेपण एका जनुकातून येतं. आई किंवा बाप, एकाकडूनच ते मिळालं तर पिल्लू बुटकं, गोल डोक्याचं, आपल्याला हवं तसं होतं. दोघांकडून मिळालं तर ते जगत नाही. आईबाप दोन्ही खरे ड्वार्फ असले तर सरासरी चारांतलं एक पिल्लू असं निघतं. भावंडांच्या निम्म्या आकाराचं, डोकं फुगीर, मागचा भाग आखडलेला, आणि बहुधा काही दिवसांत संपणारं. म्हणून जाणते पैदासकार खरा ड्वार्फ नर आणि ते जनुक नसलेली, जरा मोठी मादी अशी जोडी लावतात. या न जगणाऱ्या पिल्लांना त्या धंद्यात 'पीनट' म्हणतात. हे वाचलं तेव्हा आमचा शेंगदाणा पलंगाखाली माझ्या चपलेचा पट्टा कुरतडत होता. लेकीला मी अजून हे सांगितलेलं नाही.

पण ही सगळी माहिती वहीत राहिली, कारण दुकानात यातलं काहीच नव्हतं. आमच्याकडच्या दुकानांत प्रत्येक ससा 'ड्वार्फ' असतो. वंशावळ नाही, जन्मतारीख नाही, आई कुठली, बाप कुठला, कुणाला ठाऊक नाही. पिल्लू आठ आठवड्यांपर्यंत आईजवळ असायला हवं. आमचं जेमतेम पाचाचं असावं. आणि पाच आठवड्यांचा कुठलाही ससा ड्वार्फच दिसणार. वासरू बघून बैल केवढा होईल ते शेतकरी सांगतो, कारण त्याने गाय पाहिलेली असते.

पहिल्या तीन दवाखान्यांनी फोनवरच सांगितलं, "कुत्रा-मांजर असेल तर या." चौथ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी शेंगदाण्याला टॉवेलात गुंडाळून उलटं केलं आणि दोन बातम्या एका दमात दिल्या. एक, ही मादी आहे. दोन, अंगात सोव्हिएत चिंचिलाचं रक्त दिसतंय. "मांसासाठी आणि कातडीसाठी पाळतात तो वंश. न्यूझीलंड व्हाइट, ग्रे जायंट, तसलाच. तीन किलोपर्यंत जाईल." मी म्हटलं, "दुकानदार म्हणाला एवढाच राहतो." डॉक्टर हसले नाहीत, हे मला बरं वाटलं. वंध्यीकरण करून घ्या, असं मात्र त्यांनी बजावलं. न केलेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाचा कर्करोग फार होतो. ते ऑपरेशन सशांवर नेहमी करणारा डॉक्टर शोधायला आम्हाला दोन महिने लागले. ससा आणण्याआधी हा शोध घ्यायचा असतो, जात नंतर.

सहा महिन्यांत ती परातीत मावेनाशी झाली. मग टोपलीत घालून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींच्या काट्यावर. "पावणेतीन," मावशी म्हणाल्या, "वर कोथिंबीर घालू का फुकटची?" तेव्हापासून दर महिन्याला वजन तिथेच होतं.

सुरुवातीला फसवल्याचा राग होता. तो कधी ओसरला ते सांगता येत नाही, पण कशामुळे ते सांगता येतं. लेक नऊ वर्षांची होती आणि पहिले दोन महिने दिवसभर शेंगदाण्याला उचलून हिंडायची. सशाला उचललेलं आवडत नाही. जमिनीवरून पाय सुटले की त्याच्या लेखी घारीने नेलं. हाडं हलकी, मागचे पाय दणकट. हातात धडपडताना त्याची त्याच्याच झटक्याने पाठ मोडू शकते. आम्ही रोज ओरडायचो, लेक रोज उचलायची, कारण उचलता येत होतं. पुढे ती जड झाली, नखं लागायला लागली, आणि लेकीने एक दिवस नाद सोडून फरशीवर पालथं पडून गृहपाठ करायला घेतला. पंधरा मिनिटांनी शेंगदाणा येऊन तिच्या वहीवर हनुवटी घासून गेली. हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. हे माझं, अशी ती खूण. ती एक किलोची राहिली असती तर लेक फरशीवर उतरली असती का, याची मला शंका आहे. लहान मुलासाठी लहान ससा हवा, असं सगळे म्हणतात. मला आता नेमकं उलटं वाटतं. छोट्या जाती बहुधा चपळ आणि बिचकणाऱ्या. थोराड ससे सुस्त, सोशिक. सहा किलोच्या फ्लेमिश जायंटला सहा वर्षांचं पोर उचलूच शकत नाही. त्याला भेटायचं तर खाली बसावं लागतं.

खाण्यावरून घरात जी लढाई झाली ती सासूबाईंशी. "अगं, ससाच ना तो? गाजर नको, पोळी नको, मग काय श्रीखंड देऊ?" आमच्या नकळत त्यांनी आठवडाभर दोन्ही भरवलं. एका रात्री शेंगदाणा कोपऱ्यात गोळा होऊन बसली, दात करकर वाजवत. तिच्या ट्रेमध्ये संध्याकाळपासून एकही लेंडी नव्हती. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही की जिवावर बेततं. डॉक्टरांनी सुया दिल्या, भरवायला सिरिंज दिली. रात्रभर मी आणि सासूबाई वर्तमानपत्र पसरून तिच्याभोवती बसलो होतो. पहाटे साडेचारला पहिली लेंडी पडली, मोहरीपेक्षा थोडी मोठी. सासूबाईंनी देवाला हात जोडले. सहापर्यंत अकरा झाल्या. मी हिशेबाची बाई, मी मोजल्या.

त्यानंतर गवताचं खातं सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. सशाच्या ताटात बहुतेक सगळं गवतच हवं; दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. परदेशी टिमोथी गवत पाकिटातून येतं आणि महाग पडतं. पण आपली हरळी, म्हणजे दूर्वाच, तिला चालते, नव्हे आवडते. लसूणघास मात्र मोठ्या सशाला रोज देऊ नये, त्यात कॅल्शियम फार. आता भाद्रपदात सासूबाई दूर्वा निवडायला बसल्या की एकवीस-एकवीसच्या जुड्या गणपतीला आणि निवडून उरलेलं शेंगदाण्याला. तिला त्या उंदरमामाची मावसबहीण म्हणतात. मी एकदा सांगून पाहिलं की ससा उंदराच्या कुळातला नव्हेच, वरच्या पुढच्या दातांमागे त्याला आणखी दोन बारके दात असतात. "असतील," त्या म्हणाल्या, "नात्यात कोण दात मोजतं?"

खरं तर 'ससा' हा शब्दच आपल्याला थोडा चकवतो. गोष्टींतला, माळावरचा ससा वेगळा. तो बीळ करत नाही, त्याची पिल्लं केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात, आणि त्याला पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. घरात येतो तो युरोपातला बिळात राहणारा. पिल्लं उघडी, आंधळी. बिळाचा गारवा अंगात मुरलेल्या या प्राण्याला आपला एप्रिल सोसत नाही, मग जात कुठलीही असो. तिशीच्या वर पारा गेला की शेंगदाणा माठाच्या तिवईखाली पसरते, कान माठाला टेकवून. त्या दोन महिन्यांत पाणी प्यायला जाताना आम्ही आधी खाली बघतो.

चहा घेऊन बाहेर आले तेव्हा यातलं थोडंफार सांगितलं. निवारा संस्थांत सोडून दिलेले मोठे ससे मिळतात, त्यांचं वजन, लिंग, स्वभाव, सगळं आधीच समोर असतं, तिथे चौकशी करा, हेही सांगितलं. नवरा-बायको माना डोलवत होते. मुलगा शेंगदाण्यामागे धावत होता. तिने सोफ्याखालून मागचा पाय दाणकन आपटला, तसा तो दचकून जागीच बसला. सासूबाईंनी त्याच्या हातात दूर्वांची काडी दिली. "धर नुसती. हलू नकोस."

तो हलला नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या मानाने बराच वेळ. शेवटी सोफ्याच्या झालरीखालून आधी नाक आलं, थरथरणारं, मग मिशा, मग काडी हळूहळू आखूड होत गेली.

"छान आहे हो," त्याचे बाबा कप खाली ठेवत म्हणाले. "पण याच्याहून थोडा लहान मिळेल ना?"