कुंपणावरचा पाहुणा

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

मैत्रिणी भिगवणला निघाल्या आणि तुला रजा नाही, म्हणून खट्टू झालीस असं ताई सांगत होती. भिगवणला एकदा जाच. उजनीच्या पाण्यावरचे रोहित आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब बघण्यासारखेच असतात. (होडीतून कुरवांना शेव-गाठ्या मात्र टाकू नकोस, ते पक्षिनिरीक्षण नव्हे.) पण यंदा रजा नाही तर नाही, तुमच्या सोसायटीमागचं कुंपण कुठे गेलंय?

त्या पडीक जागेत, विटांच्या ढिगाजवळ, थिरथिऱ्या आलेला असणार. चिमणीएवढा पक्षी. नराचं डोकं, गळा, छाती काळी आणि पोट तांबूस-नारिंगी. मादी मातकट, पण शेपटी विटकरी. भिंतीवर बसतो, झटकन झुकतो, शेपटी थरथरवतो. खाली उतरून किडा-मुंगी टिपली की पुन्हा भिंतीवर. हिमालयातून आणि त्यापलीकडच्या उघड्या डोंगराळ मुलखातून तो ऑक्टोबरच्या सुमारास येतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतो. हिवाळ्यातही आपला टापू धरून असतो, दुसऱ्या थिरथिऱ्याला फिरकू देत नाही. म्हणून तर एकच पक्षी रोज भेटतो, आणि दूरच्या सहलीत न मिळणारी ओळख इथे होते. दिवसभरात पन्नास जातींवर खुणा करण्यापेक्षा मला हे सुख मोठं वाटतं.

पार्किंगमध्ये तुरुतुरु चालत शेपूट खालीवर करणारा धोबी दिसेल. फेब्रुवारीत सावर फुलली की भोरड्यांचे कलकलते थवे येतील. गुलाबी अंग, काळं डोकं, ओळखायला सोप्या.

महागडा कॅमेरा आत्ताच नको. साधी दुर्बीण पुरे, आणि वही हवीच. किती वाजता आला, कुठे बसला, काय खाल्लं, कुणाशी भांडला, एवढं लिहीत जा. नाव पुस्तकात उद्याही सापडेल. आज तो काय करत होता ते पुस्तकात नसतं. मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावण्याची खोड लावून घेऊ नकोस. त्याला वाटतं प्रतिस्पर्धी आला, आणि चरायचा वेळ उगाच भांडणात जातो.

आपल्याकडे मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह साजरा होतो. त्या आठवड्यात फोटोंचा पूर येतो आणि नंतर पुष्कळांच्या दुर्बिणी कपाटात जातात. पाहुणे मात्र त्यानंतरही चार-पाच महिने इथेच असतात.

थिरथिऱ्या आला की लगेच लक्षात येतं, गेलेला मात्र कळतच नाही. रोज नोंद असेल तरच शेवटची तारीख हाती लागते. तेवढी तारीख मला एप्रिलमध्ये न विसरता कळव.

तुझा,
मामा