पत्र्याखालची तितिक्षा

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला चौदावा श्लोक उन्हाळ्यात फार वापरला जातो. शीत-उष्ण येतात नि जातात, ते सोस, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. आमच्या लातुरात मे महिन्यात यावरचं प्रवचन बहुधा एसी हॉलमध्ये होतं. मी भौतिकशास्त्राचा निवृत्त मास्तर. श्लोकावर माझी श्रद्धा आहे, त्याच्या या वापरावर नाही.

उष्णता गरमाकडून गाराकडे जाणारच. तिला पूर्ण अडवणारी भिंत जगात नाही. तिच्या वहनाचं गणित फूरियेने १८२२ साली ग्रंथरूपात मांडलं. आपल्या हातात एवढंच, की तिची वाट अवघड करायची. जाडीला वाहकतेने भागलं की रोध मिळतो. पाच सेंटिमीटर थर्माकोलचा रोध गाठायला साधारण दोन मीटर जाड काँक्रीट लागेल. त्यातही खरं काम थर्माकोलचं नव्हेच, त्याच्या पोटात कोंडलेल्या निश्चल हवेचं.

जुन्या माळवदाच्या घरांची तऱ्हा वेगळी. दगडमातीचा रोध बेताचाच, पण त्या जाडजूड भिंती दिवसाचं ऊन साठवून रात्री सावकाश आत सोडत. तोवर घरची मंडळी माळवदावर अंथरुणं टाकून मोकळी. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंतींखाली माणसं गाडली गेली. त्यानंतर कुणी स्लॅब-पत्रा पसंत केला तर त्याला बोल लावायची माझी छाती नाही.

पण पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. रोध जवळजवळ शून्य, साठवणही नाही. माणसाची त्वचा पस्तीस अंशांच्या आसपास असते. भोवतालचं सगळं त्याहून तापलं की उष्णता उलटी अंगात शिरू लागते आणि घामाखेरीज शरीराजवळ उपाय उरत नाही. मनाच्या समत्वाने प्रवाहाची दिशा बदलत नाही. उष्माघात स्थितप्रज्ञालाही होतो.

मग सोसायचं काय? उष्ण लागल्यावर मनात जे सुखदुःख उठतं ते, असं मी समजतो. विवेकचूडामणीत तितिक्षेला, म्हणजे या सोसण्याला, प्रतिकार न करण्याची अट आहे खरी. पण ती मोक्षाच्या वाटेला लागलेल्या साधकाला, त्याने आपणहून पत्करलेली. पत्र्याखालच्या बाळंतिणीने ती कधी पत्करली? आणि ‘सोस’ म्हणणारे तेच भगवंत चार श्लोकांनंतर अर्जुनाला लढायला उठवतात, हे प्रवचनात का येत नाही? दुसऱ्याच्या वाट्याचं ऊन त्यालाच सोसायला सांगणं ही निव्वळ आपली सोय झाली.

आयोजकांना माझी विनंती आहे. पुढच्या चैत्रात हॉलच्या भाड्यातले थोडे पैसे बाजूला काढा आणि शेजारच्या वस्तीतल्या पत्र्यांना पांढरा चुना मारून द्या. चुन्याने रोध वाढत नाही. तो ऊनच परतवतो, आणि पत्रा कमी तापतो.