दयेला नेम हवा

माणसांनाच जिथे धड निवारा नाही, तिथे कुत्र्यांसाठी निवारा कशाला? भिवंडीत हा प्रश्न विचारणारा मनुष्य निर्दय असतोच असे नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात बारा तास उभा राहून रात्री एका खोलीत आठ-दहा जणांसोबत पाठ टेकणारा कामगार ज्याने पाहिला आहे, त्याच्या तोंडी हा प्रश्न येणे स्वाभाविकच आहे. म्हणून मोकाट, आजारी व जखमी प्राण्यांसाठी निवारा उभारावा आणि लोकांनी त्याला हातभार लावावा, असे म्हणणाऱ्याने प्रथम या प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे.

ख्रिस्तसभेनेही तो टाळलेला नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २४१८ व्या परिच्छेदात दोन गोष्टी एकापाठोपाठ सांगितल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा ठार मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही; आणि मानवी दुःखाच्या निवारणासाठी जो पैसा आधी खर्च व्हावयास हवा, तो प्राण्यांवर खर्च करणेही शोभत नाही. यातली पहिली गोष्ट विसरली तर आपण कठोर होतो. दुसरी विसरली तर आपली दया ढोंगी ठरते.

या बाबतीत मुंबईचा इतिहास विचार करण्यासारखा आहे. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा कंपनी सरकारचा नियम होता. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. ६ जून १८३२ रोजी, पारशी समाजाच्या पवित्र दिवशी, या हत्येविरुद्ध लोकांचा संताप उसळला, दंगल झाली, बाजार बंद पडले. परंतु त्या संतापाने एकाही कुत्र्याला आसरा मिळाला नाही. तो मिळाला दोन वर्षांनंतर. १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या व्यवहारावर ‘लागा’ म्हणून एक लहानशी पट्टी स्वखुशीने बसवून घेतली आणि त्या पैशावर संस्था उभी राहिली. आज ती प्रामुख्याने गुरांचा सांभाळ करते. ठाणे जिल्ह्यातही तिच्या शाखा आहेत. जवळजवळ दोनशे वर्षे ती टिकली, याचे श्रेय जितके दात्यांच्या औदार्याला, तितकेच त्या नेमाला आहे.

मात्र याच इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जीजीभॉय यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनशी होणाऱ्या अफूच्या व्यापारातून आला होता. त्यांचे दानधर्म अफाट होते, हे कोणी नाकारणार नाही. तरीही मुक्या जिवांवर केलेली दया ही माणसांवर झालेल्या अन्यायाची भरपाई होऊ शकत नाही. मालक कुत्र्याला बिस्किटे घालतो आणि कामगाराची मजुरी थकवतो, अशी दया देवाला कशी रुचेल?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोकाट कुत्रा चावतो कोणाला? मोटारीतून जाणाऱ्याला क्वचितच. तो चावतो रात्रपाळी संपवून पायी घरी जाणाऱ्या मजुराला, उकिरड्याजवळ खेळणाऱ्या मुलाला, कचरा वेचणाऱ्या बाईला. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच लस घ्यावी, हे आपण जाणतो. परंतु लशीच्या प्रत्येक खेपेला मजुराचा रोज बुडतो. रेबीज एकदा अंगात उमटला की जवळजवळ कोणीच वाचत नाही. तेव्हा कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण आणि आजारी प्राण्यांची सोय हे गरिबाच्या ताटातून काढून घेतलेले अन्न नव्हे. ते गरिबाचेच संरक्षण आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील मोकाट कुत्री हलवून, नसबंदी व लसीकरण करून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. परंतु पशुवैद्य, पाणी, अन्न आणि मायेचा माणूस यांवाचून चार भिंतींत कोंडलेली कुत्री म्हणजे निवारा नव्हे. ती डोळ्यांआड केलेली क्रूरता होय.

म्हणूनच इमारत महानगरपालिकेची किंवा सरकारची असली, तरी तिच्यातला जिव्हाळा लोकांनीच पुरवावा लागतो. आपल्या कुटुंबांनी काय करावे? दरमहा ठरलेली, झेपेल तितकीच रक्कम द्यावी. मात्र संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या पेटीत जे टाकतो, त्यातून एक रुपयाही कमी करू नये. गरिबाचा वाटा गरिबालाच जावा. निवाऱ्याचा वाटा आपल्या मांडवातून, बँडबाजातून, लग्नाच्या जेवणावळीतून निघावा. उष्टे अन्न व मांसाचे तुकडे रस्त्यावर फेकू नयेत. हौसेने आणलेले पिल्लू मोठे झाले म्हणून दूरच्या नाक्यावर सोडून येऊ नये. ज्याला आपण नाव दिले, त्याचा भार आपल्यावर आहे.

हे काम एकट्या समाजाचेही नाही. पवित्र शास्त्रात टोबियास प्रवासाला निघतो, तेव्हा त्याचा कुत्राही सोबत चालतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याला अल्लाहने क्षमा केली, असे हदीसमध्ये सांगितले आहे. प्राण्यांच्या नावाने माणसे माणसांवर धावून गेल्याचे प्रसंग आपल्या देशाने पाहिले आहेत. ज्या शहरात माग एकाचा, सूत दुसऱ्याचे आणि हात तिसऱ्याचे असतात, त्या भिवंडीत एका जखमी जिवाभोवती सर्व धर्मांची माणसे एकत्र बसू शकली, तर त्या निवाऱ्याचा लाभ केवळ प्राण्यांनाच होणार नाही. पण त्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कोणीतरी न चुकता हिशेबाची वही उघडली पाहिजे.