अजाणत्याचा अपराध आणि देहदंड

महाभारताच्या आदिपर्वात अणिमांडव्याची कथा आहे. आश्रमाच्या दारी, वृक्षाखाली, बाहू उंचावून मौनव्रताने तप करीत असलेल्या या ऋषीच्या आश्रमात चोर शिरले आणि लुटीचा माल घेऊन दडून बसले. मागावर आलेल्या राजपुरुषांनी ऋषीला विचारले, चोर कोणत्या वाटेने गेले? तो बोलला नाही. झडतीत चोर सापडले, माल सापडला. आणि जो उत्तर देत नाही तोही त्यांच्यातलाच, अशा समजुतीने राजाज्ञेनुसार त्यालाही सुळावर चढविण्यात आले. पुढे राजाला चूक उमगली. त्याने क्षमा मागितली. पण सूळ निघेना. अखेर तो छाटावा लागला व त्याचे टोक देहातच राहिले.

उत्तरार्ध याहून मार्मिक आहे. ऋषी धर्मराजाच्या सभेत गेला व आपण हे कोणत्या कर्माचे फळ भोगले, असे त्याने विचारले. बालपणी पतंगांच्या पुच्छांत काडी खुपसली होती, त्याचे, असे उत्तर मिळाले. तेव्हा ऋषीने प्रत्यक्ष धर्मालाच शाप दिला आणि मर्यादा घातली की चौदा वर्षांपर्यंत केलेले कृत्य पातक ठरणार नाही. त्या शापाने धर्म विदुर होऊन जन्माला आला. न समजता केलेल्या कृत्याला समजून केलेल्या कृत्याचा दंड दिला, एवढाच धर्माचा अपराध होता.

जो उत्तर देऊ शकला नाही तो आणि ज्याने अजाणता केले तो, या दोन्ही जागी आजच्या न्यायालयात एक मनुष्य उभा असतो. वयाने तो प्रौढ. परंतु बुद्धीची वाढ बालपणीच खुंटलेली. पोलिसांनी विचारलेल्या प्रश्नाला, विचारणाऱ्याला बरे वाटावे म्हणून, तो ‘हो’ म्हणतो. वकिलाला आपली हकीकत क्रमाने सांगणे त्याला साधत नाही. चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसत नाही म्हणून तो निर्ढावलेला ठरतो. अशा मनुष्याला देहदंड द्यावा काय?

येथे प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. मनोरुग्ण वेगळा आणि बुद्धीने अपूर्ण वेगळा. मनुस्मृतीतही दायभागाच्या प्रकरणात उन्मत्त व जड हे शब्द निरनिराळे योजले आहेत. त्यांना वाटा नाकारणारा तो नियम आज कोणी मान्य करणार नाही. मात्र त्यांचे आजन्म पोषण करण्याचे कर्तव्य तेथेच सांगितले आहे, हेही विसरू नये. आपल्या काळी हा भेद न्यायासनापुढे ठळकपणे आला तो चंडीगढमध्ये. तेथील शासकीय नारी निकेतनातील एका अनाथ, मंदबुद्धी तरुणीवर बलात्कार झाला व ती गर्भवती राहिली. प्रशासनाला गर्भपात करवावयाचा होता. तिला मूल हवे होते. उच्च न्यायालयाने प्रशासनाच्या बाजूने कौल दिला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला आणि सांगितले की मनोरुग्णता व बौद्धिक मंदत्व एक नव्हे. तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही.

आता कोणी विचारील, आणि हा आक्षेप हलका नाही, की जिच्या इच्छेला एवढे मोल दिले तिच्यासारख्याच पुरुषाने खून केला तर त्याच्या इच्छेलाही तेवढेच मोल का देऊ नये? ज्यांचे मूल मारले गेले त्यांच्या दुःखाला मारेकऱ्याच्या बुद्धीचे माप काय करावयाचे आहे? याचे उत्तर असे की समजूत ही दिव्यासारखी पेटलेली किंवा विझलेली नसते. तिला तरतमभाव आहे. आपल्या पोटचे मूल हवे एवढे कळणे ही एक पायरी. रागाच्या भरात उचललेला हात मागे घेणे, परिणाम आधी ताडणे, दुसऱ्याच्या चिथावणीला नकार देणे, ही दुसरी. शिवाय इच्छेचा मान राखण्यात चूक झाली तर ती सावरता येण्याची आशा असते. फाशीत चूक झाली तर सूळ छाटण्यापुरतेही काही उरत नाही. म्हणून असा मनुष्य निर्दोष आहे असे कोणी म्हणत नाही. त्याला कैद द्यावी, समाजापासून दूर ठेवावे. पण परमावधीचा दंड परमावधीच्या दोषालाच शोभतो. मनु दंड देणाऱ्याला अपराधाबरोबर अपराध्याचे सामर्थ्यही पाहावयास सांगतो. याज्ञवल्क्य त्यात वय आणि बलही घालतो. आणि गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे मोजून, केवळ एकट्या कर्त्यालाच पाहणाऱ्याची बुद्धी असंस्कृत म्हटली आहे.

कायदा काय म्हणतो? १८६० च्या दंडसंहितेतील कलम ८४ आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम २२, दोन्ही चित्तभ्रमामुळे कृत्याचे स्वरूपच न कळणाऱ्याला मोकळे करतात. अर्धवट कळणारा मध्येच लोंबकळतो. १९८० च्या बच्चनसिंग निर्णयात, मनाच्या दोषामुळे कृत्याची गुन्हेगारी उमगण्याची शक्ती क्षीण असणे हे दंड सौम्य करणारे कारण म्हणून नोंदले गेले. पण अशांना फाशी देऊच नये असा स्वतंत्र निर्बंध आपल्याकडे नाही. अमेरिकेत तो २००२ साली अ‍ॅटकिन्स खटल्यात न्यायालयाने घातला. मग रेषा कोठे ओढावी हा वाद उरला. फ्लॉरिडाने बुद्ध्यंक ७० ही काटेकोर सीमा केली होती, ती २०१४ मध्ये अवैध ठरली. मांडव्याचे काम त्या मानाने सोपे होते. वर्षे मोजता येतात.

महाराष्ट्रातील एका खटल्यात दोन लहान मुलींवर अत्याचार करून त्यांचा खून करणाऱ्याची फाशी एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, त्याचे नाव उघड न करता, आजन्म कारावासात बदलली. शिक्षेनंतर जडलेला गंभीर मनोविकार हे कारण. तो रोग होता, जन्मजात उणीव नव्हे. रोग निदान कारागृहातील वैद्याच्या दप्तरात उमटतो. बुद्धीची उणीव कोणाच्या दप्तरात उमटणार? शाळा पाहिलेली नाही, घरी ‘थोडा भोळा आहे’ एवढेच म्हणत आलेले. २०२१ साली ‘प्रोजेक्ट ३९ए’ या संस्थेने फाशीच्या ८८ कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे ११ टक्क्यांत बौद्धिक अक्षमता आढळली. तोपर्यंत त्यांचे खटले चालून शिक्षा झालेल्या होत्या. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की देहदंडाचा विचार होण्याजोग्या खटल्यात आरोपीच्या मानसिक परीक्षणाचा अहवाल शासनाने आधीच न्यायालयापुढे ठेवावा.

शांतिपर्वात सत्यवान आपला पिता द्युमत्सेन याच्याशी वाद घालतो. वधासाठी नेल्या जाणाऱ्या माणसांना पाहून तो म्हणतो की एका दस्यूला मारले की त्याचे माता-पिता, स्त्री, पुत्र हे निरपराधही मारले जातात. पिता राज्यकर्त्याच्या बाजूने बोलतो. दंड नसेल तर सारे संकर होईल, असे बजावतो. पूर्वी धिक्कार पुरे होई, मग धन घेणे पुरे होई, आता वधावाचून भागत नाही, हेही तो सांगतो. मुलाला तो गप्प बसवीत नाही, हे मात्र पाहण्यासारखे आहे. वधस्थानी माणसे उभी असताना राजा मुलाचे ऐकून घेत राहतो.