दोन माणसांना पेलेल एवढे लाकूड

राजधानीत बसून मुफसलातल्या कर्तृत्वाची प्रतवारी लावण्याची जी जुनी खोड कलासमीक्षेला जडलेली आहे, तिच्या हिशेबी आर्कान्सासारख्या आडबाजूच्या अमेरिकन राज्यात आयुष्य वेचणाऱ्या वास्तुशिल्पज्ञाच्या वाट्याला फार तर एखादी कौतुकाची तळटीप यावयाची. ई. फे जोन्स (१९२१–२००४) यांच्या बाबतीत हा हिशेब साफ चुकला. गगनचुंबी इमारतींच्या स्पर्धेपासून अलिप्त राहून, फेएटव्हिलच्या विद्यापीठात अध्यापन करीत आणि मुख्यतः खाजगी घरे बांधीत राहिलेल्या या गृहस्थांना अमेरिकन वास्तुशिल्पज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेने १९९० साली आपले सुवर्णपदक बहाल केले.

जोन्स हे फ्रँक लॉइड राइट यांचे शिष्य. १९५३ साली ते टॅलिएसिन येथे राइट यांच्या सान्निध्यात राहिले आणि ते ऋण त्यांनी कधी नाकारले नाही. परंतु राइट यांच्या अनेक अनुयायांनी गुरूच्या रेषा उचलल्या, तेथे जोन्स यांनी गुरूचा प्रश्न उचलला: या भूमीवर, या सामग्रीत, या माणसांच्या हातून काय उभे राहू शकते? या प्रश्नाचे सर्वांत प्रांजळ उत्तर म्हणजे युरेका स्प्रिंग्जजवळील थॉर्नक्राउन हे १९८० साली पुरे झालेले प्रार्थनामंदिर होय.

ओझार्क डोंगरांतील आपल्या जमिनीवर निसर्गशोभा पाहण्यासाठी वाटसरू थांबतात हे पाहून एका निवृत्त शिक्षकाने त्यांना मज्जाव करण्याऐवजी त्यांच्यासाठी प्रार्थनास्थळ बांधावयाचे ठरविले. भोवतालच्या वृक्षांना इजा पोहोचू नये म्हणून जोन्स यांनी स्वतःवर एक निर्बंध घालून घेतला: दोन माणसांना रानातून खांद्यावर वाहून नेता येणार नाही असे लाकूड वापरावयाचे नाही. पाइनच्या बेताच्या फळ्यांपासून कैच्या जमिनीवरच जुळवून मग उभ्या करण्यात आल्या. चोवीस फूट रुंद, साठ फूट लांब आणि अठ्ठेचाळीस फूट उंच अशा या वास्तूला भरीव भिंती जवळजवळ नाहीतच. ४२५ खिडक्यांच्या काचांतून अरण्य आत येते, आणि झाडांच्या सालीशी जुळावा म्हणून लाकडाला हातांनी चोळलेला करडा रंग आतबाहेरचा भेद आणखी पुसट करतो.

या रचनेची प्रेरणा पॅरिसच्या तेराव्या शतकातील सेंट शापेल या राजमंदिराची. तेथे दगडी आधारभिंती बाहेरून रेटा देऊन इमारत सावरतात. जोन्स यांनी हाच न्याय उलटा केला आणि माथ्यावर एकमेकींना छेदणाऱ्या लाकडी तिरप्यांनी दोन्ही बाजू आतून ताणून धरल्या. जे काम तेथे दाबाने होते ते येथे ताणाने होते. आणि ताण सोसावयाला बारीक लाकूडही पुरते. म्हणजे खांद्यावरून नेता येण्याची अट केवळ वाहतुकीची सोय राहिली नाही. तिने रचनेचे तत्त्वच ठरविले. प्रादेशिकतेचा खरा अर्थ येथे सापडतो. स्थानिक नक्षी, स्थानिक छपरे, स्थानिक वेष यांची हुबेहूब नक्कल करणे ही प्रादेशिकता नव्हे. स्थानाने घातलेली मर्यादा कायद्यासारखी शिरोधार्य मानून तिच्यातून रूप घडविणे, ही होय. एरवी आर्कान्साच्या मंदिराला पॅरिसचा दाखला घेता आला नसता.

यावर आक्षेप येईल, आणि तो गैरवाजवी नाही, की रानातल्या एका देखण्या मंदिराने निवाऱ्याचा प्रश्न सुटत नाही. घरांची मागणी लाखांची असताना एकेका फळीचा इतका विचार करण्याची चैन समाजाला परवडावी कशी? जोन्स यांच्या कामाने या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्यांच्यापासून घ्यावयाचा तो साचा नव्हेच. त्यांनी स्वतःही तो सर्वत्र वापरला नाही: बेला व्हिस्टा येथील १९८८ सालच्या कूपर स्मारक मंदिरात त्यांनी पोलादाच्या टोकदार कमानी योजिल्या. सामग्री बदलली, शिस्त तीच राहिली.

अमेरिकेच्या सुबत्तेने वास्तुशिल्पज्ञांच्या हाती हवे ते साहित्य, हवी ती यंत्रे आणि हवे तेवढे द्रव्य दिले, पण त्यांतील नेमके काय नाकारावे हा विवेक ती देऊ शकत नव्हती. जोन्स यांनी तो आपल्या मुलखाकडून घेतला. कार्यक्षेत्र लहान असूनही त्यांचे काम मोठे ठरले असे म्हणण्यात त्यामुळे अर्धेच सत्य आहे. त्या क्षेत्राच्या मर्यादा त्यांनी मनापासून पत्करल्या, म्हणूनच ते मोठे झाले.