उदबत्तीचा धूर

आषाढी एकादशीच्या संध्याकाळी देवापुढची समई तीनदा विझली. खिडकी बंद होती, खटका लावलेला होता, तरी पडदा कुणी मागून फुंकर घालावी तसा हलत होता. चौथ्यांदा वात लावली आणि उदबत्ती घेऊन खिडकीपाशी गेले. चौकटीच्या कडेकडेने ती हळूहळू फिरवली. वरच्या बाजूला धूर सरळ चढला. उजव्या कोपऱ्यात मात्र एकदम आडवा होऊन खोलीत शिरला. खाली, दोन सरकत्या काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे, उदबत्तीचं टोक निखाऱ्यासारखं लाल झालं. आपलं नवं घर बंदच होत नाही, हे त्या संध्याकाळी मला कळलं.

अंबरनाथ पश्चिमेला सहाव्या मजल्यावरचं हे घर आम्ही फेब्रुवारीत ताब्यात घेतलं. त्याआधी उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात दोन खोल्यांत राहिलो. तिथली लाकडी खिडकी पावसाळ्यात फुगायची, लावताना खांद्याने रेटावी लागायची. पण एकदा लागली की वाऱ्याला वाट नसायची. इथे किल्ल्या हातात पडल्या त्या दिवशी हॉलच्या खिडकीतून मलंगगड दिसला आणि मी दुसरं काही पाहिलंच नाही. फेब्रुवारीत कुठलीही खिडकी चांगलीच दिसते. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा पाऊस घेऊन आला, तेव्हा ट्रॅकमध्ये पाणी साचलं, कडप्प्यावरून भिंतीवर उतरलं आणि नव्या रंगाला फोड आले. कधी रात्री वाऱ्याबरोबर कारखान्यांकडचा उग्र वासही आत येतो. थंडीत काय होईल तेही दिसतंच आहे. आपल्या या अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात थंडी मुंबईपेक्षा चांगलीच जास्त पडते.

शेजारचे काका ऑर्डनन्स फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना दाखवलं. ते घरी जाऊन फिलर गेज घेऊन आले. चाकूच्या पात्यांसारखी पातळ पोलादी पानं, प्रत्येकावर जाडी कोरलेली. चौकट आणि भिंतीच्या मधे त्यांनी एक पान सरकवलं, मग दोन, मग सगळी एकत्र. तरी जागा उरली. शेवटी खिशातली पेन्सिल आत गेली.

काका म्हणाले, “आमच्याकडे दोन टोकांचा गेज असायचा. गो आणि नो-गो. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दुसरं गेलं की जॉब रिजेक्ट, मग तो कितीही चकचकीत असो. पास झाला तरच इन्स्पेक्टरचा शिक्का बसायचा.” मग खिडकीकडे बघत त्यांनी विचारलं, “हिच्यावर शिक्का कुणाचा?”

तो प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. स्वातंत्र्यानंतर या गावात संरक्षण खात्याचे कारखाने उभे राहिले. मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तरी वस्तू बाजूला काढणारी माणसं इथल्या वसाहतींत राहिली, इथेच म्हातारी झाली. त्याच गावात आज नव्या घराच्या भिंतीत पेन्सिल जाते.

काकांनी चौकटीच्या कडेचं सिलिकॉन नखाने उचकटून दाखवलं. अॅल्युमिनियमची खिडकी बाहेरून तयार होऊन येते. भिंतीतली जागा गवंड्याने सोडलेली असते. ती ओळंब्यात नसली, गुण्यात नसली, तर चौकट एका बाजूला चिकटते आणि दुसऱ्या बाजूला बोटभर फट राहते. ती फट आतपर्यंत नीट भरून मग वरून सिलिकॉन ओढायचं असतं. आमच्याकडे आत पोकळी होती आणि वर नुसती पांढरी पट्टी. ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती प्लास्टरने बुजली होती. खालच्या कडप्प्याला बाहेर उतार हवा, तो आत होता. काचांच्या कडेला वारा अडवणारा ब्रश असतो, तो निम्म्यावर संपला होता. यातली एकही चूक मोठी नाही. प्रत्येकीला दहा-वीस मिनिटं जास्त लागली असती, एवढंच.

तक्रारीनंतर खिडकी बसवणारा मुलगा आला. वीस-बावीस वर्षांचा असेल. मी रागातच दार उघडलं होतं. त्याने बूट बाहेर काढले, खिडकी पाहिली आणि मान खाली घालून म्हणाला, “काकू, आमचं फुटावर असतं. जेवढे फूट बसवू तेवढे पैसे. आत भरत बसलो तर रोज सुटत नाही.” माझा राग विरघळला नाही, पण त्याची दिशा बदलली. गवंडी म्हणतो, मी जागा सोडली, पुढचं खिडकीवाल्याचं. खिडकीवाला म्हणतो, भोक वाकडं होतं. ठेकेदार म्हणतो, दर परवडत नाही. बिल्डर म्हणतो, काम ठेकेदाराला दिलं होतं. कामाचे इतके वाटे पडले की शेवटी चांगलं करण्याचा वाटा कुणाकडेच उरला नाही. जी जागा उद्या झाकली जाणार, तिथे आपण काय भरतो यावर माणसाचा खरेपणा ठरतो. त्या मुलाला मात्र खरेपणाने काम केलं तर उपाशी राहावं लागेल, अशा दरात आपण सगळ्यांनी मिळून बांधून घातलं आहे. घर घेताना चौरस फुटाचा भाव मीही घासाघीस करून उतरवला होता. खिडकी कशी बसवणार, हे एकदाही विचारलं नव्हतं.

आणि परीक्षा फक्त त्यांचीच नव्हती. एका जवळच्या नातेवाइकाने मनापासून सल्ला दिला, “कशाला वाद घालता? दिवाळीनंतर पुट्टी मारा, रंग काढा आणि भाड्याने देऊन टाका. कोरड्या दिवसांत कुणाला कळतंय!” खोटं कशाला बोलू, एक रात्र मी त्या सल्ल्याचा विचार केला. मग लक्षात आलं की पोकळीवर पांढरी पट्टी ओढण्याचंच ते काम होतं. फरक इतकाच, की या वेळी पट्टी ओढणारा हात माझा असता आणि पुढच्या आषाढात दुसऱ्याच कुणाची समई विझली असती. कुणीतरी आपल्यावर ढकललेलं नुकसान गुपचूप पुढच्यावर ढकलायचं, याला आपण व्यवहार म्हणतो. अशा व्यवहारानेच फसवणूक घराघरांतून फिरत राहते. ती कुठेतरी थांबवायची तर कुणीतरी तिला आपल्या दारात अडवावं लागतं.

अडवण्यासाठी कायदा हाताशी आहे. 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 14 सांगतं की ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई मागता येते. महाराष्ट्रात महारेरा 2017 पासून काम करते आहे आणि तिथे तक्रार ऑनलाइन करता येते. पण कायद्याला कागद लागतो. फोनवरचं भांडण पुराव्याला उपयोगी पडत नाही. फोटो, तारीख, लेखी पत्र आणि त्याची पोच जपून ठेवावी लागते. ताबा कोरड्या दिवसांत घेत असाल तर सही करण्याआधी खिडकीवर बाहेरून पाइपने पाणी मारून बघा. मी मलंगगड बघत राहिले, तुम्ही खिडकी बघा.

मी आणि काका मजल्यामजल्यावर गेलो. बहुतेक घरांत भिंतीला तोच डाग होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपलंच नशीब फुटकं. काहींनी स्वखर्चाने सिलिकॉन मारून घेतलं होतं. चौदा घरांच्या सह्यांचं पत्र गेलं. त्यात आम्ही एक ओळ मुद्दाम घातली: दुरुस्तीची मजुरी फुटावर न देता रोजाने द्यावी. ती मागणी ऐकून काहीजण म्हणाले, याच्याशी आपला काय संबंध? आमच्या भिंतीतल्या फटीचा उगम तिथेच होता, एवढाच तो संबंध.

काम सुरू झालं आहे, पूर्ण व्हायचं आहे. अजून नऊ घरं बाकी आहेत, आणि पाऊसही. आमच्याकडे गेल्या आठवड्यात तोच मुलगा आला. चौकट सैल केली, ओळंबा धरला, फट आतपर्यंत भरली, बुजलेली भोकं तारेने मोकळी केली. अख्खी सकाळ गेली. सिलिकॉन ओढून झाल्यावर हत्यारं पिशवीत भरेल असं मला वाटलं. पण तो हात पुसून देवघराकडे बघत म्हणाला, “काकू, एक उदबत्ती द्या ना.”

आणि चौकटीच्या कडेकडेने त्याने ती फिरवली. अगदी सावकाश, चारही कोपरे.