द्वाड मुलाची आई

ऑक्टोबर लागला की डार्विनमध्ये माणसांची डोकी फिरतात, असे येथील जुने रहिवासी हसत हसत सांगतात. पाऊस अजून लांब असतो, पण हवा ओल्या घोंगडीसारखी अंगाला चिकटते. या दिवसांना येथे 'बिल्ड-अप' म्हणतात. आपल्या पेण-अलिबागकडे मे अखेरीस होते तशीच ही तगमग. अशाच एका शुक्रवारी आमच्या घरी पाहुणे आलेल्या कुटुंबातील आठ वर्षांच्या मुलाने किद्दुशच्या वेळी मनुकांच्या शरबताचा पेला भिंतीवर भिरकावला. बापाने हात उगारला. आई मात्र आमच्या तोंडाकडे पाहत राहिली. शाळेतून येणाऱ्या तक्रारींनी ती आधीच खचलेली होती. "आमच्याच वळणात काही चुकले का हो?" एवढेच तिने विचारले.

प्रश्न जुना आहे. तोरामध्ये, अनुवादाच्या 21 व्या अध्यायात, आईबापांचे न ऐकणाऱ्या हट्टी मुलाला गावच्या वडीलधाऱ्यांपुढे न्यावे आणि दगडांनी मारावे, असे सांगितले आहे. वाचताना अंगावर काटा येतो. पण तालमुदातील ज्ञानी पुरुषांनी या कायद्याचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी अटींवर अटी घातल्या. मुलाचे वय अवघ्या तीन महिन्यांच्या मुदतीत बसले पाहिजे. आई आणि बाप दोघांचीही संमती पाहिजे. रब्बी यहूदा तर म्हणाले की आईबापांचा आवाज, रूप आणि उंचीसुद्धा सारखी पाहिजे! म्हणून असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही, असे एक मत तेथे नोंदले आहे. (अशा मुलाच्या कबरीवर आपण बसलो होतो, असे सांगणारे एक रब्बीही तेथेच भेटतात, हे लपविण्यात अर्थ नाही.)

मुलाला दोषी ठरविण्यापूर्वी त्या थोरांनी एवढे अडथळे उभे केले. आपण मात्र त्याच्या आईला एका फुटलेल्या पेल्यावरून दोषी ठरवितो. "वळण नाही लावले" हे तीन शब्द बोलायला काय लागते?

बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरता न येणाऱ्या मुलांविषयी जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी 1902 मध्ये लंडनला व्याख्याने दिली होती. अशा पुष्कळ मुलांच्या अडचणीला आज एडीएचडी म्हणतात, आणि ती बऱ्याच अंशी रक्तातून येते. प्रत्येक द्वाड मूल त्यातले नसते. ते डॉक्टरांनीच ठरवावे. पण त्यांना विचारण्यात लाज कसली?

आईबापांच्या हाती काहीच नाही, असेही नव्हे. क्वीन्सलंड विद्यापीठाच्या मॅथ्यू सँडर्स यांनी आईबापांसाठी 'ट्रिपल पी' नावाचा शिक्षणक्रम तयार केला, तो आज अनेक देशांत चालतो. त्यातले मर्म आमच्या आजीलाही पटले असते. मूल आरडाओरड करते तेव्हा सारे घर त्याच्याकडे धावते, आणि शांत बसते तेव्हा कोणी ढुंकून पाहत नाही. मग ते काय शिकेल? चांगले काही केले की तेथल्या तेथे, नेमके काय चांगले केले ते सांगावे. आज्ञा एकच द्यावी, हळू आवाजात द्यावी, आणि जो परिणाम सांगितला तो खरा करावा. आम्ही स्वतः छडी खाऊन वाढलो. त्याने आम्ही सुधारलो की नुसते लपून खोड्या करायला शिकलो, याचा हिशेब आम्हाला आजही लागत नाही.

खरी उणीव वेगळीच आहे. कोकणातल्या घरात असे पोर आजी, काकू, शेजारीण अशा दहा हातांत वाटले जाई. आई थकली की कोणीतरी त्याला आंब्याखाली घेऊन जाई. डार्विनमध्ये त्या बाईला स्वतःचे दोनच हात आहेत.

पुण्यात 1874 मध्ये छापलेली मराठी अर्थाची हगादा पुष्कळ घरांच्या आठवणीत आहे. तिच्यातल्या चार मुलांपैकी एक दुष्ट. त्याला उत्तर कडक मिळते, पण पेसाहाच्या पानावरून त्याला कोणी उठवीत नाही.

त्या रात्री आम्ही एक फडके मुलाच्या हाती दिले आणि एक स्वतः घेतले. त्याने भिंतीचा खालचा भाग पुसला, बराचसा फासलाच म्हणा. "खालचा डाग तू काढलास," असे आम्ही म्हणालो, तेव्हा त्याने प्रथमच मान वर केली. येत्या शुक्रवारी त्या कुटुंबाला पुन्हा बोलावले आहे. पेले मात्र स्टीलचे काढून ठेवले आहेत.